ढेरीचं वेळापत्रक

मराठी पुरुषाची कंबर स्वतःच्या लग्नात 34 असते आणि मुलीच्या लग्नातही 34 च असते. मधल्या काळात बदलते ती फक्त पँटची जागा. बेंबीवर बांधली जाणारी पँट आधी बेंबीखाली सरकते, मग ढेरीच्या पायथ्याशी कायमचा मुक्काम ठोकते, आणि तिथून दुकानदाराला खुशाल '34 दाखवा' असं सांगता येतं. शर्टाला ही सोय नाही. त्यामुळे चौथं बटण खरं बोलतं. उभं असताना ते कसंबसं सांभाळून घेतं. माणूस खुर्चीत बसला की तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये फट पडते आणि आतलं बनियन बाहेर डोकावतं. वैद्यकशास्त्र या बाबतीत पूर्णपणे चौथ्या बटणाच्या बाजूचं आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडून मोजायचं (ग्रुप फोटोत आत ओढलेलं पोट ग्राह्य धरत नाहीत), आणि भारतीय पुरुषाचा आकडा 90 सेंटीमीटरच्या, बाईचा 80 च्या वर गेला की पोट सुटलं असं अधिकृतपणे समजायचं. 'आयसीएमआर-इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली आले. एक लाख तेरा हजार माणसांच्या त्या पाहणीत हे प्रमाण 39.5 टक्के निघालं. म्हणजे पंगतीत दर पाच पानांमागे दोन.

या दोघांना समाज दोन उपाय सांगतो. पहिला, पोटाचे व्यायाम. याची परीक्षा 1984 साली अमेरिकेत झाली. काही तरुणांकडून 27 दिवसांत प्रत्येकी 5,004 सिट-अप्स काढून घेतल्या. आधी आणि नंतर पोट, पाठ आणि कुल्ला अशा तिन्ही ठिकाणची चरबी सुईने काढून तपासली, तर तिच्या पेशी तिन्हीकडे सारख्याच आक्रसलेल्या निघाल्या. पोटाला काही खास सवलत मिळाली नव्हती, आणि वजनातही सांगण्यासारखा फरक नव्हता. (पाच हजार समजू शकतो, वरच्या चार कुणासाठी होत्या कोण जाणे.) दुसरा उपाय म्हणजे 'टेन्शन घेऊ नका'. हे वाक्य डॉक्टर चिठ्ठी फाडता फाडता म्हणतात, शेजारचे काका म्हणतात, आणि ज्यांनी टेन्शन दिलं तेही म्हणतात. गंमत अशी की पहिल्या उपायापेक्षा दुसऱ्यात तथ्य जास्त आहे, फक्त तो सांगितला जातो उलट्या बाजूने. टेन्शन म्हणजे मनाचा एक वाईट चाळा आहे आणि तो सोडून द्यायचा, असं सांगणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. पोटाशी संबंध असलेलं टेन्शन बहुतांशी दिवसाच्या वेळापत्रकात असतं. त्यामुळे ते घालवायला दिवसात नवं काही घालून भागत नाही, असलेलं काही काढावं लागतं. हे म्हणणं कुणाला आवडत नाही, कारण घालायच्या गोष्टी विकता येतात, काढायच्या विकता येत नाहीत.

आधी पोटाचा आणि ताणाचा संबंध खरोखर आहे का, ते पाहू. हान्स सेल्ये या माँट्रियलच्या शास्त्रज्ञाचं एक छोटंसं पत्र 1936 साली 'नेचर'मध्ये छापून आलं. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, पळवून पळवून दमवा, औषध टोचा, काहीही करा, शरीराची तक्रार एकच: मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजलेल्या आणि जठरात व्रण. ताणाची आजची कल्पना या उंदरांपासून सुरू होते. अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, आणि त्याचा स्वभाव थेट घरातल्या आजीचा असतो: संकट कुठलंही असो, आधी दोन घास खाऊन घे. परीक्षा आहे, खाऊन घे. कोर्टाची तारीख आहे, खाऊन घे. घर गळतंय, तू खाऊन घे, मग बघू. कॉर्टिसॉल रक्तात साखर सोडतं, म्हणजे स्नायूंना धावपळीला इंधन मिळावं, आणि नंतर ती भरून निघावी म्हणून भूक लावतं. संकट कोल्ह्या-लांडग्यांचं असेल तर हिशेब बरोबर जुळतो. संकट जीएसटी रिटर्नचं असेल तर माणूस खुर्चीतून हलतच नाही. सोडलेली साखर तशीच परत जमा होते आणि वरून भूक लागते ती वेगळीच. जमा कुठे होते, यातही पक्षपात आहे. कातडीखालच्या चरबीपेक्षा पोटाच्या आत, आतड्यांभोवती असलेल्या चरबीत कॉर्टिसॉलचा हुकूम ऐकणारे ग्राहक रेणू जास्त असतात. शिवाय चरबीच्या पेशींत एक विकर असतं, ते निष्क्रिय कॉर्टिसोनपासून जागच्या जागी कॉर्टिसॉल तयार करतं. 2001 साली शास्त्रज्ञांनी उंदरांच्या फक्त चरबीत हे विकर वाढवून पाहिलं, तर त्यांची पोटं सुटली. ढेरी एकदा बसली की आपल्या वाढीची तजवीज काही प्रमाणात आपणच करते, ती अशी.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा मात्र प्रयोगशाळेतला नाही. हार्वी कुशिंग या अमेरिकी शल्यविशारदाने ज्या आजाराचं 1932 साली सविस्तर वर्णन केलं, त्यात शरीर कॉर्टिसॉल बेसुमार बनवतं, आणि रुग्णाचं पोट गोल, चेहरा वाटोळा नि हातपाय बारीक होतात. दम्याच्या किंवा सांध्यांच्या दुखण्यासाठी कॉर्टिसॉलच्याच जातीच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांचा चेहरा कसा भरतो, हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना जास्त समजवायला नको. पण इथेच थोडं सबुरीने घ्यायला हवं. चिडक्या साहेबाच्या हाताखालच्या माणसाचं कॉर्टिसॉल कुशिंगच्या रुग्णाच्या आसपासही जात नाही. नुसत्या संप्रेरकाच्या जोरावर एवढ्या ढेऱ्या उभ्या राहिल्या असत्या, तर प्रत्येक बारावीच्या विद्यार्थ्याची पँट घसरली असती. रोजच्या ताणाचं संप्रेरक एकटं फार मोठं काम करत नाही. ते करतो ताणाने बिघडवलेला दिवस: जेवणाची वेळ, झोपेची वेळ, आणि या दोहोंच्या मधली ती चोरटी अर्धीपाऊण घटका.

बदलापूरला राहणारा आणि वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी करणारा कुठलाही कर्मचारी घ्या. सकाळची फास्ट पकडायची म्हणून नाश्ता दोन चमचे पोह्यांवर आटपतो, तेही बुटाची लेस बांधता बांधता. दुपारचा डबा उजव्या हाताने खातो आणि डावा माऊसवर असतो. साडेचारला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक असतोच. पन्नास माणसांच्या ऑफिसात सरासरी आठवड्याला एक वाढदिवस पडतो आणि 'मला नको' म्हणणाऱ्याला माणूसघाणा समजतात. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, उभ्याने, एक डोळा इंडिकेटरवर. रात्री साडेनऊला जेवण, आणि दिवसभरात पहिल्यांदाच पोटभर. त्यानंतर असा वेळ सुरू होतो, ज्यात कुणाला त्याच्याकडून काही नको असतं. तो झोपेत घालवायला कोण तयार होईल? त्याच घरातल्या बाईची रात्र आणखी उशिरा उजाडते. ओटा पुसून, मटकी भिजत घालून, 'उद्या निळा टी-शर्ट अनिवार्य' हा शाळेच्या ग्रुपवरचा निरोप वाचून, निळा टी-शर्ट धुवायला पडलाय हे लक्षात येऊन ती अकराला टेकते. मग चिवड्याचा डबा निघतो. झाकण नखाने अलगद उचलायचं, आवाज होता कामा नये. आधी वाटीत काढायचा. वाटी संपली की 'थोडासाच' म्हणून मुठीने. मग डबाच मांडीवर. काजू आधी संपतात, त्यानंतर शेंगदाणे, आणि तळाशी उरतो तो कढीपत्ता आणि मीठ. या बाईला संयम नाही असं म्हणणाऱ्याने तिचा संयम सकाळी सहापासून कुठे कुठे खर्च झाला त्याचा हिशेब आधी द्यावा. मेरी डॉलमन ही संशोधक आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2003 साली मांडलं की उंदरांना सतत ताणात ठेवलं तर ते चरबी आणि साखरेकडे वळतात, आणि ते खाल्ल्यावर मेंदूतली ताणाची यंत्रणा खरोखर शांत होते. म्हणजे रात्रीचा चिवडा हे औषधच आहे, आणि लागू पडणारं आहे. त्याचे दुष्परिणाम तेवढे बेंबीच्या आसपास होतात.

झोपेचा पुरावा तर याहून सरळ आहे. शिकागो विद्यापीठात 2004 साली बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. त्यांच्या रक्तात भूक लावणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं, 'पुरे' म्हणणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं. पुढे मेयो क्लिनिकने बारा जणांवर हाच प्रकार दोन आठवडे केला; निष्कर्ष 2022 साली छापले. चार तास झोपणाऱ्यांनी रोज तीनशेहून जास्त कॅलरी वरकड खाल्ल्या आणि त्यांच्या पोटाच्या आतली चरबी 11 टक्क्यांनी वाढली. नंतर भरपूर झोपायला दिलं तेव्हा खाणं कमी झालं, पण त्या काही दिवसांत आतली चरबी वाढायची थांबली नाही. रविवारी साडेदहापर्यंत लोळून आठवड्याची उधारी फेडणाऱ्या मंडळींनी हे वाक्य जरा शांतपणे पुन्हा वाचावं, शक्यतो रविवारी नाही.

आता ताण घालवण्याचे प्रचलित मार्ग या वेळापत्रकावर ठेवून पाहा. पहाटे पाचला उठा. कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या. बारा सूर्यनमस्कार, वीस मिनिटं प्राणायाम, दहा मिनिटं ध्यान, कृतज्ञतेची वही. दहा हजार पावलं चाला. हा आकडा 1965 साली एका जपानी कंपनीने बाजारात आणलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला आहे, कुठल्या संशोधनातून नव्हे, पण घड्याळ मनगटावर गुरगुरायला लागलं की इतिहास कोण विचारतो? रात्री साडेआठला 9,400 पावलं भरलेला माणूस उरलेली सहाशे सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांमधून वाट काढत पुरी करतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर शांती शोधून सापडत नाही. यातली एकेक गोष्ट वाईट नाही. सगळ्या मिळून मात्र त्या सकाळचे दोन तास मागतात, आणि ते दोन तास झोपेखेरीज कुणाकडे शिल्लक नसतात. ताण कमी करायला झोप कापणं हा सौदा मारवाड्यालाही जमणार नाही. त्यात खाण्याचा हिशेब ठेवायचा म्हटलं तर आणखी पंचाईत. 2010 साली 121 बायकांवर तीन आठवड्यांचा प्रयोग झाला: ज्यांना कॅलरी मोजून लिहायला सांगितल्या त्यांना ताण जास्त जाणवू लागला, आणि ज्यांना दिवसाला 1,200 कॅलरींवर ठेवलं त्यांचं कॉर्टिसॉल वाढलं. ढेरी घालवायच्या काळजीने ढेरीचंच खत तयार होतं, असा याचा अर्थ लावला तर फार चुकणार नाही.

मग ध्यानधारणा, योगवर्ग सगळं फोल का? नाही. कॅलिफोर्नियात 47 जाड बायकांना घेऊन चार महिन्यांचा सजगतेचा वर्ग घेतला गेला. निष्कर्ष 2011 चे. वर्ग केलेल्या आणि न केलेल्या गटांच्या पोटांत सरासरीने फरक पडला नाही. पण वर्गातल्या ज्यांचा ताण खरोखर घटला आणि सकाळचं कॉर्टिसॉल उतरलं, त्यांची पोटातली चरबीही त्या प्रमाणात जास्त घटली. नाव नोंदवून, चटई विकत घेऊन, शवासनात उद्याच्या भाजीचा विचार करून काही होत नाही, एवढंच यातून निघतं. आणि शवासनात भाजीचा विचार येतो कारण भाजी खरोखर उद्या आणायची असते. ती दुसऱ्या कुणी आणली, तर शवासन जमण्याची शक्यता एकदम वाढेल. व्यायामाचंही तसंच. भरभर चालण्याने वजनकाटा हलला नाही तरी आतली चरबी उतरू शकते, तेव्हा चालावं. फक्त स्वतःला शिक्षा दिल्यासारखं चालू नये आणि झोप मोडून तर मुळीच नाही.

इथे काही मंडळी हात वर करतील. पहिली हरकत: आमच्या ओळखीत एकाला भयंकर टेन्शन, आणि तो वाळून काटकुळा झालाय, त्याचं काय? हरकत रास्त आहे आणि तिचं उत्तरही सापडलेलं आहे. लंडनच्या सरकारी नोकरांची 'व्हाइटहॉल-2' नावाची प्रचंड पाहणी 1985 पासून चालू आहे. सुरुवातीला त्यात 10,308 जण होते. तिच्यात असं दिसलं की कामाच्या ताणाने मुळात सडपातळ असलेले पुरुष आणखी बारीक झाले आणि मुळात जाड असलेले आणखी जाड. ताण ज्याला त्याला त्याच्याच दिशेने ढकलतो. ज्यांची पँट आधीच सरकू लागली आहे, त्यांनी काटकुळ्या मित्राचा दाखला देऊ नये. दुसरी हरकत आजोबांची: त्यांनी प्लेग पाहिला, रेशनच्या रांगा पाहिल्या, सावकार पाहिला, तरी पोट सपाट. खरं आहे. त्यांच्याही अ‍ॅड्रिनल ग्रंथी 'खाऊन घे' असंच सांगत होत्या, पण कपाटाची किल्ली आजीच्या कमरेला होती, दिवेलागणीनंतर जेवण आटपत होतं आणि सावकाराच्या घरी मुदत मागायला सात मैल चालत जावं लागत होतं. आता हप्ता चुकल्याचा निरोप अंथरुणात येतो आणि त्याच्या खालोखाल दहा मिनिटांत बिर्याणी आणून देणाऱ्याची जाहिरात. तिसरी हरकत आनुवंशिकतेची, आणि ती सगळ्यात भारदस्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'ने छापला. दोघांचाही बीएमआय 22.3, अगदी दशांशासकट सारखा. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा याज्ञिकांनी अभ्यास केला, तेव्हा विलायती बाळांहून बरीच कमी वजनाची ती बाळंही चरबीच्या बाबतीत मात्र फारशी मागे नव्हती. आपण जन्मतःच चरबी जपणारे लोक आहोत, हे मान्य. पण म्हणून हात टेकायचं कारण नाही, उलट आहे. ज्याची तिजोरी आधीच पोटात आहे, त्याने तरी ताणाला तिच्यात रोज भर घालू देऊ नये. विलायती साहेबाला रात्रीचं जागरण जेवढं पचेल तेवढं आपल्याला पचणार नाही.

उरली ती खरी हरकत, जी लोक मोठ्याने बोलत नाहीत: वेळापत्रक आमच्या हातात आहे का? कामातून काय काढायचं ते साहेब ठरवतो, घरातून काय काढायचं ते घर ठरवतं. इथे पुन्हा व्हाइटहॉलकडे वळावं लागतं. 2007 साली त्यातून निघालेल्या निष्कर्षात, कामाचा ताण जितक्या वेळा नोंदला गेला तितकी पोट सुटण्याची शक्यता चढत गेली. तिथे ताण मोजताना नुसतं काम किती हे पाहिलं नव्हतं. मागणी जास्त, ते काम कसं करायचं हे ठरवायची मुभा कमी आणि पाठीशी उभं राहणारं कुणी नाही, हे एकत्र आलं की तो ताण. म्हणजे हरकत घेणाऱ्याने नकळत निदानच सांगितलं. म्हणून पोटावरचा उपाय बराचसा पोटाच्या मालकाच्या हातात नसतो, आणि डाएटवाल्यांना नेमकं हेच सांगणं परवडत नाही. घरात मात्र मागता येण्यासारखं बरंच असतं: मटकी दुसऱ्या कुणी भिजत घालावी, जेवण साडेनऊऐवजी साडेआठला ज्याला जसं जमेल तसं व्हावं, चौघांनी एकत्रच बसलं पाहिजे हा हट्ट आठवड्यातून पाच दिवस सोडावा, अकरानंतर शाळेच्या ग्रुपला मुकाट करावं. ऑफिसात एवढं तरी मागावं की रात्री नऊनंतरचे निरोप सकाळी यावेत. साहेब ऐकणार नाही, असं म्हणतात. पण त्याला कर्मचाऱ्याच्या पोटाची दया येण्याची वाट बघायचं कारण नाही, त्याला त्याचंच पोट दाखवावं. 'उद्या सकाळी बोलू' हा निरोप सव्वाअकराला पाठवणारा माणूस सव्वाअकराला जागा असतो, दोन निळ्या खुणा उमटेपर्यंत जागा राहतो, 'ओके सर' येईपर्यंत पुन्हा एकदा फोन बघतो, आणि तेवढ्या वेळात त्याच्याही समोर कसला ना कसला डबा उघडलेला असतो. शर्टाची बटणं तर साहेबाची आधी ताणलेली असतात. फक्त केबिनमध्ये त्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप नसते.